बेसिन आणि माझे केस

मामांना शेवटची आंघोळ घातली तेव्हा चार घागरी पाणी गेलं. जिवंत असते तर उठून बसले असते आणि म्हणाले असते, "दोन घागरीत भागतंय, कावून सांडायलात?" स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी हे मनातल्या मनात म्हणाले आणि मला हसू आलं. सासरा अंगणात पाटावर बसवलेला आणि सुनेला हसू येतंय, हे कुणी पाहिलं असतं तर आणखी एक गोष्ट माझ्या नावावर लागली असती. मी पदराचा बोळा तोंडात धरला. बायकांना वाटलं, सून रडतेय.

मामा म्हणजे माझे सासरे. बीडमध्ये आमच्या भागाला पाणी सोडायचं काम त्यांनी पस्तीस वर्षं केलं. सायकलच्या दांडीला माणसाच्या उंचीची लोखंडी चावी बांधलेली, डोक्याला मफलर. गल्लीच्या तोंडाशी जमिनीतलं झाकण उघडून मामांनी ती चावी फिरवली की घराघरातून "आलं, आलं" अशी हाकाटी व्हायची. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, कधी बारा दिवसांनीही येतं. त्यामुळे त्या चावीचा मान मोठा होता. लोक त्यांना वालमन म्हणायचे. साहेब आला तरी खुर्चीतून न उठणारी माणसं वालमन दिसला की ओट्यावरून खाली उतरायची.

भेटायला आलेल्यांनी दहा दिवस हेच सांगितलं. बाजाराच्या बाजूला एकदा मोठा पाइप फुटला होता. दुरुस्तीवाले यायला तीन तास लागले. तेवढा वेळ मामा चिखलाच्या खड्ड्यात बसून, फुटल्या जागेवर सायकलची ट्यूब गुंडाळून ती दोन्ही हातांनी दाबून बसले होते. कुणीतरी चहाचा कप त्यांच्या तोंडाशी धरला, तो त्यांनी तसाच प्यायला. हे खरं आहे, पाहणारे अजून आहेत.

दुसरी गोष्ट साडीची. एका गल्लीतल्या बायकांनी मिळून मामांच्या बायकोसाठी साडी आणून दिली, पाणी पंधरा मिनिटं जास्त सोडा म्हणून. मामांनी साडी परत नेऊन दिली आणि पुढच्या पाळीला त्या गल्लीचं पाणी पाच मिनिटं आधी तोडलं. "लाच दिली म्हनून दंड," म्हणाले. लोक हे डोळ्यांत पाणी आणून सांगतात. त्या गल्लीत त्या दिवशी एखाद्या घरी बाळंतीण असेल, तिनं काय केलं असेल, हे कुणी विचारत नाही. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ती साडी उघडून पाहिली होती. मोरपंखी होती, असं त्यांनी मला एकदा भाजी निवडताना सांगितलं. घडी मोडायच्या आत परत गेली.

तर असा माणूस. गावानं त्याला बाहेरून पाहिला. मी त्याच्या घरात राहिले.

मामांना वाहत्या पाण्याचा आवाज सहन व्हायचा नाही. "पानी वाजलं की गेलं," असं म्हणायचे. पाणी कसं वापरावं, तर आवाज न करता. जेवून झालं की ताटातच हात धुवायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. महादेवाला पळीभर पाणी, तेही अर्धं पुढच्या सोमवारसाठी ठेवल्यासारखं. कपड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी अंगणातल्या कढीपत्त्याला. हे शहाणपणाचंच होतं, मी नाही म्हणत नाही. पण न्हाणीघराच्या दाराशी येऊन बाहेरून तांबे मोजायचे, हे शहाणपणाचं नव्हतं. "सात झाले," असं बाहेरून ऐकू यायचं. नव्या नवरीला आंघोळ करताना सासऱ्याचा आवाज ऐकून काय वाटत असेल याचा विचार त्यांनी केला नाही. त्यांच्या मनात तसं काही वाईटही नव्हतं. ते खरोखर तांबेच मोजत होते.

त्या घरात हवाई चप्पल कधी मरायची नाही. पट्टा तुटला की मामा तळ घेऊन बसायचे आणि कात्रीनं रुपयाएवढ्या चकत्या कापायचे. चकतीला मधोमध दाभणानं भोक पाडायचं आणि ती तोटीच्या आत बसवायची, म्हणजे धार बारीक येते. घरातल्या सगळ्या तोट्यांत अशा चकत्या होत्या. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बीडचं पाणीच असं बारीक असेल. पुढच्या चकत्या पत्र्याच्या डब्यात तयार असायच्या, निळ्या आणि हिरव्या.

निवृत्त झाल्यावर दर रविवारी सायकल काढून पालीला जायचे, बिंदुसरा धरणाचं पाणी बघायला. काठावर तासभर बसायचे. आल्यावर चप्पल काढता काढता निकाल सांगायचे, "दोन महिने जातेत." एका वर्षी पाऊस चांगला झाला, धरण भरून सांडव्यावरून वाहू लागलं. सगळं बीड बघायला लोटलं, पोरं फोटो काढत होती. मामा मात्र तोंड पाडून घरी आले. "वाहून चाललंय समदं," म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. हे मला तेव्हा फार आवडलं होतं. मी माहेरी फोन करून सांगितलं होतं की आमचे मामा असे आहेत.

पाणी कोणत्या दिवशी येणार, हे नव्या वालमनला विचारलं असतं तर कळलं असतं. पण मामा विचारणार नाहीत. "पस्तीस वर्षं म्या पानी सोडलं, आन आता मी त्या कालच्या पोराला ईचारू?" म्हणून त्यांनी स्वतःची युक्ती काढली होती. रस्त्याच्या नळावर थेट जोडलेली एक जुनी पितळी तोटी कायम उघडी ठेवायची आणि तिच्याखाली स्टीलचं ताट पालथं ठेवायचं. पाणी आलं की ताट खणखणणार आणि घर धावणार. आमच्या भागात तोटी उघडी ठेवून पाण्याची वाट पुष्कळ घरं बघतात, पण ताट आमच्याच घरी होतं. मामा त्याला घंटी म्हणायचे.

आता बेसिनकडे येते.

माझं माहेर परळीकडचं, धर्मापुरीचं. घरची विहीर होती, त्यामुळे पाण्याकडे बघून जीव मुठीत धरायची सवय नव्हती. केस माझे तेव्हा गुडघ्याला लागायचे. बघायला आले तेव्हा आत्यांनी मला पाठमोरी उभी केली, वेणी हातात घेऊन तिचं वजन केल्यासारखी ती वरखाली हलवली आणि म्हणाल्या, "बास, पोरगी पसंत हाय." लग्नानंतर महिन्याभरात नवऱ्यानं न्हाणीघराला गुळगुळीत फरशी घातली आणि भिंतीला पांढरं बेसिन बसवलं. त्याचं मांजरसुंब्याला टायरचं दुकान आहे. तिथल्या ढाब्यांवर त्यानं बेसिनं पाहिली होती आणि बायकोसाठी एवढी एकच हौस त्यानं केली. बेसिनला दोन तोट्या होत्या. एक नव्या तऱ्हेची चकचकीत, गच्चीवरच्या टाकीची. दुसरी मामांची जुनी पितळी, रस्त्याच्या नळाची. घंटीची जागा मामांनी बेसिनात आणली, कारण ताट तिथं नीट बसत होतं.

बेसिनवर मामांचा राग होता. "वाकून तोंड धुतलं की मानूस चूळ बी मोजून भरतो. हुभ्यानं धुतलं की राज्य आल्यावानी करतो."

महिना-दीड महिना गेला आणि बेसिनमधलं पाणी उतरेनासं झालं. उतरायचं, पण इतकं हळू की दात घासून होईपर्यंत टूथपेस्टचा फेस तसाच तरंगायचा. मला शिसारी यायची. मी विचारलं तर मामा शांतपणे म्हणाले, "तुजी येनी गेली असंल आत." सगळे हसले, मीही हसले. नव्या सुनेची थट्टा कोण मनावर घेतं?

मग माझं ते काम सुरू झालं. खायचा सोडा टाकून वरून लिंबू पिळलं. बुडबुडे छान आले, पाणी तिथंच. कढत पाणी ओतलं. दुकानातून पूड आणली, तिनं नाक जळालं. नवऱ्यानं रबरी पंप आणला, मी पदर खोचून दाबत राहिले, फसफस आवाज यायचा आणि परत जैसे थे. शेवटी सायकलच्या चाकाची तार वाकवून तिचा आकडा केला आणि जाळीतून आत घातला. बोटभर आत गेला की मऊ काहीतरी लागायचं. मी म्हणायचे, हाच केसांचा गुंता. ओढायचे, दोन-तीन केस यायचे, लांबलचक, माझेच. दुसऱ्या कुणाचे असणार? मला लाज वाटायची.

मामा दारात उभे राहून बघायचे. मदत करायचे नाहीत, पण सूचना द्यायचे. "आजून आत घाल. आता पानी नको वतू, दोन तांबे गेले." एकदा तर पाटच घेऊन बसले. मी घामाघूम होऊन तार हलवतेय आणि मामा मफलर गुंडाळून बघतायत. ती तार कशाला लागतेय हे ज्याला माहीत होतं तोच माणूस पाटावर बसून मला "आजून आत" म्हणत होता. आता आठवलं की माझ्या हातापायाची आग होते.

नवऱ्यानं ओळखीचा प्लंबर पाठवला. त्यानं बेसिनखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "वरून काय न्हाई व्हायचं, खालचा ट्रॅप खोलावा लागंल." ट्रॅप म्हणजे बेसिनखालची ती बाटलीसारखी कुपी, जिच्यात घाण साचते. एवढं ऐकलं आणि मामा आले. "काय बे, पस्तीस वर्षं म्या पायपा जोडल्या, तू मला ट्रॅप शिकवायलास का? जा, निघ." तो बिचारा पाना पिशवीत टाकून गेला. मला वाटलं, म्हाताऱ्याचा मान दुखावला. मीच त्यांची समजूत काढली, त्यांना चहा करून दिला.

मग त्या बेसिनची सवय झाली. पाणी साचलेलं दिसलं की मी तोटी बंद करायचे आणि उतरायची वाट बघायचे. दोन वर्षं अशी गेली.

रविवार होता. मी न्हाऊन गच्चीवर केस वाळवत होते. न्हाले होते ते बादलीत पाणी घेऊन, फरशीवर बसून, नेहमीसारखी. बेसिनमध्ये मी केस कधीच धुतले नाहीत, गुडघ्याएवढे केस बेसिनमध्ये धुताच येत नाहीत. पण हे सांगायची वेळ पुढे आली तेव्हा कुणी ऐकून घेतलं नाही. दुपारी साडेतीनच्या सुमाराला नळ आला. ताट खणखणलं, मला वरही ऐकू आलं. एरवी ताट वाजलं की जवळचं कुणीतरी धावून तोटी बंद करायचं. मामा ओट्यावरून उठून रस्त्याकडे पळाले, त्यांना नेहमी आधी बघायचं असायचं की शेजारच्यांकडे किती जोरात आलंय. मग ताटाचा आवाज थांबला. आवाज थांबला म्हणजे आत्यांनी तोटी बंद केली असणार, असं मी समजले.

आवाज थांबला होता तो ताट बुडालं म्हणून. बेसिन भरलं, वरून सांडलं आणि त्या गुळगुळीत फरशीवर पाणी पसरलं. आत्या हंडा घेऊन अनवाणी आत गेल्या.

हंडा पडल्याचा आवाज मी गच्चीवरून ऐकला. खाली आले तेव्हा आत्या भिंतीशी वेड्यावाकड्या पडल्या होत्या आणि डोळे उघडे ठेवून बेसिनकडे बघत होत्या. खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, आत सळई घातली, पण त्यानंतर आत्या स्वतःच्या पायांनी न्हाणीपर्यंत गेल्या नाहीत.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे जमले होते. नणंद, दीर, शेजारच्या काकू. काकूंनी विचारलं, "बेसिन कसं काय भरलं म्हने?" मी तोंड उघडलं, त्याच्या आत मामा बोलले.

"म्या हिला किती डाव सांगितलंतं, बेसिनात केस धुऊ नको. ऐकती कुठं? आज बी न्हालती."

माझे केस ओले होते. पाठीवर मोकळे. मी त्याच अवतारात रिक्षात बसून आले होते. सगळ्यांनी माझ्या केसांकडे बघितलं. नवऱ्यानं जमिनीकडे बघितलं. मी म्हणाले, "मी बादलीत न्हाले," पण ते कुणाला पटण्यासारखं नव्हतं, माझ्या पदरावर अजून पाणी गळत होतं.

त्या दिवसापासून मी सासूचा पाय मोडणारी सून झाले. लग्नात, बारशात, नणंदेच्या घरी, कुठेही गेले की कुणीतरी हळूच सांगायचं, "हिच्याच केसांनी तुंबलंतं." आत्यांचं सगळं मी करत होते. भांडं देणं, अंग पुसणं, कूस बदलणं. त्याचं कौतुक कुणी केलं नाही, कारण लोकांच्या लेखी ती शिक्षा होती. मलाही तसंच वाटू लागलं होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. रात्रंदिवस मी स्वतःलाच म्हणायचे, बाई, एवढा नखरा कशाला ठेवला होतास?

सहा महिन्यांनी एका सकाळी मी आत्यांच्या खाटेजवळ बसले, ब्लाऊज शिवायची कात्री घेतली आणि वेणी मानेजवळ कापली. कात्री बोथट होती, वेळ लागला. आत्या बघत होत्या. "कशाला कापायलीस ग? चांगले व्हते," एवढंच म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे केलं. मी समजले, त्यांना वाईट वाटलं. मी वेणी गुंडाळून पिशवीत घातली.

केस गेले. बेसिन तसंच. महिना झाला, तीन झाले, पाच झाले. खांद्यापर्यंतच्या केसांनी ते तुंबेल कशाला? शिवाय मी आता त्याच्याजवळ वेणीफणीसुद्धा करत नव्हते. तरी फेस तसाच तरंगायचा. पहिल्यांदा मला शंका आली ती तेव्हा.

मामा पालीला गेले होते, तो रविवारच होता. मी नवऱ्याचा पाना घेतला, बेसिनखाली बादली ठेवली आणि आडवी झाले. ट्रॅपचा नट घट्ट होता. फडकं गुंडाळून जोर लावला तेव्हा सुटला आणि काळं, कुबट पाणी माझ्या गळ्यावर सांडलं. कुपीत थोडा गाळ होता आणि सुपारीएवढा केसांचा गोळा. एवढ्यानं काही तुंबत नाही. मग वर बोट घातलं. जाळीच्या खाली, जिथं माझी तार जाऊन थडकायची, तिथं काहीतरी मऊ, गोल, घट्ट बसलेलं. नखानं उचकटलं. हातात आली ती हवाई चपलेची निळी चकती, मधोमध दाभणाचं भोक.

मी किती वेळ त्या ओल्या फरशीवर पडून होते, मला माहीत नाही. रडू आलं नाही. रागानं दातखीळ बसल्यासारखी झाली होती.

दुपारी मामा जेवायला बसले. मी चकती त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"हे काय हाय मामा?"

भाकरी मोडता मोडता त्यांनी बघितलं. "चकती."

"कुठं सापडली ते ईचारा की."

"बेसिनात. म्याच बसीवली." तोंडावर रेषही हलली नाही. "त्या नव्या तोटीत बसंना, म्हनून खालून बसीवली. डोळ्यापुढं पानी साचलं की मानूस आपल्याआप तोटी बंद करतो. तू बी करायलीस की."

खरं होतं ते, मी करत होते. त्यांच्या युक्त्या नेहमी लागू पडायच्या.

"आत्या पडल्या त्यानं," मी म्हणाले.

त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. म्हणाले, "घंटीच्या तोटीचं ध्यानात आलं न्हाई."

"मग दवाखान्यात माझं नाव कावून घेतलं? आन चकती नंतर तरी काढायची व्हती."

मामांनी ताटात हात धुतला, ते पाणी प्यायलं आणि मिशी पुसली. "पस्तीस वर्षं गावाला पानी दिलं. येका मानसानं नाव ठिवलं न्हाई. आता म्हातारपनी लोकाला काय सांगू, वालमनच्या घरातच पानी चुकलं म्हनून? तुजं काय, तू घरातली हायस."

मी घरातली होते. म्हणून माझ्या नावाला काही किंमत नव्हती. हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की त्यात दुष्टपणा शोधूनही सापडेना. ते उठले, चकती सदऱ्याला पुसली आणि डब्यात टाकली.

चकती कुठं आहे हे मला ठाऊक होतं. नवऱ्याला, नणंदेला, काकूंना बोलावून दाखवायची, एवढंच काम. मी तीन दिवस ते भाषण मनात घोकलं. पण आतल्या खोलीत आत्या होत्या. रोज सकाळी मामा त्यांच्या उशाशी बसून, मानेखाली हात घालून, त्यांना तांब्यानं पाणी पाजायचे. एक थेंब सांडायचे नाहीत. आत्या दिवसभरात तेवढ्याच वेळी हसायच्या. त्या बाईला मी काय सांगू? की ज्या हातानं पाणी पितेस त्याच हातानं तुझा पाय मोडला आणि वर खोटं बोलला? पन्नास वर्षांच्या संसारात तिच्याकडे तो एक म्हातारा उरला होता. तोही कसा काढून घेऊ?

मी गप्प बसले. मोठेपणा केला म्हणा. कुणी सांगितला नव्हता.

त्याचं बक्षीसही मिळालं. बेसिनमधलं पाणी आता झटकन उतरू लागलं. शेजारच्या काकू हात धुवायला आल्या, बघून म्हणाल्या, "बघ ग बाई, केस कापले आन बेसिन सुटलं! तवाच कापले असते तर म्हातारी चालती असती." मी त्यांना टॉवेल दिला. मामा ओट्यावर बसून ऐकत होते.

पुढे वर्षभरानं मामा गेले, झोपेतच. शेवटपर्यंत आमचं बोलणं जेवायला वाढण्यापुरतं होतं. एकदा मात्र ते म्हणाले होते, "केस वाढीव परत." माफी मागायची ती त्यांची तऱ्हा असेल. मी उत्तर दिलं नाही, आणि दिलं नाही याचं मला आजही वाईट वाटत नाही.

तेरावा झाला. पाहुणे पांगले. जाताना नणंदेनं आत्यांच्या पाया पडून, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "बाबा गेले ते तुझीच काळजी करत गेले. हिच्यामुळं तू अशी पडलीस." आत्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. नणंद रिक्षात बसली.

दुपारी मी कोमट पाणी घेऊन आत्यांचं अंग पुसायला बसले. त्यांना कुशीवर वळवलं, पाठ उघडी केली. आता लपवायचं कुणासाठी, असं वाटलं आणि त्यांच्या पाठीकडे बघतच मी सांगून टाकलं. चकतीचं, ट्रॅपचं, मामा ताटावर काय बोलले ते. वाटलं, आता ही म्हातारी आक्रोश करील, मला जवळ घेईल, निदान मेलेल्याला एक शिवी घालील.

आत्या भिंतीकडे तोंड करून पडून होत्या.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "बसीवली तवा खाली अंधार व्हता. बॅटरी म्याच धरलती."

मी टॉवेल खाली ठेवला.

"मग बोलला कावून न्हाईत आत्या? चार वर्षं. मी केस कापले तुमच्यापुढं."

मला वाटलं, आता रडतील. पण आवाज आला तो कोरडाच होता.

"त्यांना बोल लागला असता. तू व्हतीस की." मग म्हणाल्या, "डाव्या अंगाला राह्यलंय, तिथं पूस."

मी पुसलं.